धामणदरा खुर्द : वस्ती नाही

हिंगोली
दि. १७ जून २००८

चि. प्रज्ञेश,
जय भीम.

आज मंगळवार, दिनांक १७ जून २००८, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, जिल्ह्याच्या कचेरीतल्या सभागृहात, पन्नासेक माणसांसमोर, तुझी करुणाआत्या अस्तित्वात नाही असं जाहीर करण्यात आलं. ती त्या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून पाणी पीत होती.

बैठक नव्या आरोग्य उपकेंद्रांची होती. कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा गावाच्या बाजूला एक उपकेंद्र द्यायचं आहे. कच्ची यादी आज झाली, पक्की पंधरा ऑक्टोबरला होणार. कच्च्या यादीतही नाव आलं की इमारत व्हायची तेव्हा होते, पण नर्सबाई महिनाभरात गावातल्या एखाद्या खोलीत येऊन बसते. आम्हाला ती नर्सबाई हवी आहे. करुणाचं गाव धामणदरा खुर्द ओढ्याच्या एका काठाला, आणि दवाखाना, शाळा, डांबरी रस्ता सगळं धामणदरा बुद्रुकला, दुसऱ्या काठाला. पूल नाही. मागच्या श्रावणात पारुबाईच्या सुनेचं लेकरू पाणी उतरायची वाट बघत काठावरच दगावलं. आणि आता करुणाच्या सुनेला, गोपीचंदच्या बायकोला, आपल्या शीतलला, ऑगस्टच्या शेवटी दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी आहे.

मी अर्ज वाचून दाखवला. साहेब भला दिसला. त्याने भिंतीवर नकाशा पाडला आणि म्हणाला, "मॅडम, आता अर्जावर काही ठरत नाही. हे इंटरनेटवर आहे, जगात कुणीही बघावं. पुण्याच्या संस्थेनं केलंय." एकेक गाव रंगवलेलं. फिकट पिवळं म्हणजे बरं चाललंय, गडद तपकिरी म्हणजे दवाखाना दूर, बाया निरक्षर, घरात वीज नाही. जिथे गडद, तिथे उपकेंद्र. पद्धत मला आवडली, खोटं कशाला बोलू? छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे मी.

मग त्याने लाल ठिपका आमच्या गावावर आणला. गाव पांढरं.

"इथं वस्तीच नाही," तो म्हणाला.

करुणा उभी राहिली. "काहून न्हाई? मग आमी कोण हाव?"

"तुम्ही बुद्रुकच्या, आजी."

"बुद्रुक वढ्याच्या अल्याड. आमी पल्याड."

"कागदावर अल्याडच आहात तुम्ही."

सभागृह हसलं. कळमनुरीचा एक पुढारी म्हणाला, "चला, पुलाचा खर्च वाचला!" त्यावर आणखी हसलं. करुणा खाली बसली. पेला उचलला आणि न पिता परत ठेवला.

उपकेंद्र त्यांनी डोंगरकड्याजवळच्या एका वाडीला लिहिलं, जिथे आजही दारात जीप जाते. मी विचारलं, चूक दुरुस्त कशी व्हायची? साहेब म्हणाला, "नकाशा ज्यांनी केला त्यांनी चूक झाली असं लिहून दिलं, तर पक्क्या यादीआधी बदलू."

नकाशाच्या खाली संस्थेचं नाव होतं. ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. गेल्या दिवाळीत तू ज्या संस्थेतल्या नोकरीचे पेढे पाठवले होतेस, तीच.

फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून हे पत्र. उत्तरही कागदावर हवं.

तुझी
पद्माआत्या

&nbsp;

पुणे
दि. २८ जून २००८

ती. पद्माआत्यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. पण आत्या, थोडा गैरसमज होतो आहे असं मला वाटतं.

'जिल्हादर्शन' हे आमच्या संस्थेचं तीन वर्षांचं काम आहे. शिरगणतीचे आकडे आणि महसूल खात्याच्या गावांच्या हद्दी एकत्र आणल्या की कुठे काय कमी आहे ते नकाशावर लगेच दिसतं. मराठवाड्याचं काम सुरू झालं तेव्हा मी हट्टाने हिंगोली मागून घेतला. आपला जिल्हा, म्हणून. आधी हे कुणाला दिसतच नव्हतं, आता एका माणसाला घरबसल्या दिसतं. तुम्हीच शाळेत आम्हाला सांगायच्या ना, की नकाशा बोलतो?

आता धामणदरा खुर्दबद्दल. मी नोंद पाहिली. ते गाव महसुली कागदांत स्पष्टपणे नष्ट झालेलं आहे. जळालेलं आहे. त्यामुळे तिथे लोकसंख्या नाही, हे बरोबरच आहे. करुणाआत्या राहतात ते तर 'पल्याड'. लहानपणी एकदा आलो होतो, बाबांनी खांद्यावर बसवून ओढा ओलांडला होता, सटवाजीमामांच्या मेंढरांना मी घाबरलो होतो. म्हणजे पल्याड ही खुर्दच्या आसपासची एखादी वेगळी वस्ती असणार. बैठकीत तुम्ही अर्जावर खुर्द लिहिलं, म्हणून गोंधळ झाला असेल. अर्ज पल्याडच्या नावाने करून बघता का?

आणि सहज विचारतो, ते खुर्द कधी जळालं? रझाकारांच्या वेळी का? बाबा याबद्दल कधी बोलले नाहीत.

शीतलवहिनींना जपायला सांगा. आईचा नमस्कार.

आपला
प्रज्ञेश

&nbsp;

हिंगोली
दि. ४ जुलै २००८

चि. प्रज्ञेश,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा हसून, तिसऱ्यांदा भीतीने.

पल्याड हे गावाचं नाव नाही रे बाबा. पल्याड म्हणजे पलीकडे. करुणाचं लग्न झाल्यापासून आपल्या घरात "करुणा कुठे आहे?" "पल्याड" असंच बोललं गेलं आणि तू ते गावाचं नाव समजून मोठा झालास. तुला बापाने खांद्यावर बसवून नेलं ते धामणदरा खुर्दच. ज्या मेंढरांना तू घाबरलास, तीसुद्धा तुझ्या नकाशावर नाहीत.

आता जळण्याबद्दल. तुझ्या त्या महसुली कागदात कोणता शब्द आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मला तो ठाऊक आहे. 'बेचिराख'. बरोबर? आणि तू त्यात 'राख' वाचलीस. पेपरात लिहितात ना, बॉम्ब पडले, शहर बेचिराख झालं. तेच तू आमच्या गावाला लावलंस.

हा निजामाच्या दफ्तरातला शब्द आहे. मी शिकले त्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवायला नन होत्या, पण उर्दूला एक म्हातारे उस्ताद येत. ते फळ्यावर शब्द फोडून दाखवायचे. बे म्हणजे विना. चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बे-चिराग. म्हणजे रिकामं, ओसाड. कधीकाळी पटकीत माणसं गेली असतील, किंवा उठून दुसरीकडे गेली असतील. कुणी जाळलं नव्हतं. आणि पुढे ते रिकामं राहिलंही नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर आपली माणसं आणि सटवाजीसारखी धनगरांची घरं तिथे येऊन राहिली, विहीर खोदली, विहार बांधलं. दफ्तरातला शब्द मात्र कुणी बदलला नाही. शिरगणतीवाला येतो, ओढा बघतो, अल्याडच बसून पल्याडची माणसं बुद्रुकमध्ये लिहून घेतो. ही मूळ चूक तुझी नाही. ती तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. पण आधी ती दफ्तरात धूळ खात पडली होती. तू तिला रंग दिलास आणि भिंतीवर पाडलंस.

काल मी स्वतः तुझं 'जिल्हादर्शन' बघितलं. बसस्टँडजवळ शिवप्रसादचं इंटरनेटचं दुकान आहे. माझा जुना विद्यार्थी. "मॅडम, पेज लोड होऊन राहिलंय, वाईच थांबा," म्हणत त्याने मला दोन वेळा चहा पाजला, एकदा लाइट गेली, मग एकदाचं उघडलं. तो म्हणाला, "इथं सगळे निकाल बघायला येतात नाहीतर नोकरीचे फॉर्म भरायला. नकाशा बघायला तुम्हीच पहिल्या."

काम तू चांगलं केलं आहेस. हे मी रागातही लिहीन. बायकांच्या साक्षरतेचा पडदा लावला, विजेचा लावला, दवाखान्याच्या अंतराचा लावला. डांबरी सडकेला लागून गावं फिकट, सडक सोडली की रंग चढत जातो. माझी सगळी नोकरी मी हे डोळ्यांनी बघत आले, पण एका नजरेत कधी बघितलं नव्हतं. मग बुद्रुकवर बोट ठेवलं. फिकट. का फिकट? कारण दवाखाना गावात, शाळा गावात. आमची माणसं त्या आकड्यांत मिसळली आणि बुद्रुकच्या रंगाने रंगली. त्यांची तकलीफ सरासरीत विरून गेली. आणि खुर्द पांढरं. तसे पांढरे डाग मला आणखी दिसले, बहुतेक ओढ्यानाल्यांच्या पलीकडे आणि माळावर. त्यातले खरोखर रिकामे किती आणि तू रिकामे केलेले किती?

आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेस नकाशा काढायला लावत तेव्हा कोरी जागा ठेवू देत नसत. म्हणत, कोऱ्या जागेचा अर्थ तिथे काही नाही असा नसतो, तुला माहीत नाही असा असतो. तुझ्या नकाशात मात्र त्या पांढऱ्या रंगापुढे लिहिलं आहे, 'वस्ती नाही'. 'माहीत नाही' लिहायला काय झालं होतं?

शेवटचं. पांढऱ्या डागावर बोट दाबलं की एक छोटी चौकट उघडते. त्यात असं आहे : "बेचिराख (जळून नष्ट). नोंद : प्र. पा."

हा प्र. पा. कोण?

पद्माआत्या

&nbsp;

पुणे
दि. २१ जुलै २००८

ती. पद्माआत्यांस,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. कामात होतो.

'बेचिराख'चा अर्थ वाचून मी चकित झालो. इथे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हता. प्र. पा. म्हणजे प्रमोद पाटील, आमचे एक सहकारी होते. मागच्या वर्षी नोकरी सोडून बंगळूरला गेले. त्यांना आता विचारणं कठीण आहे.

दुरुस्तीबद्दल वरिष्ठांशी बोललो. त्यांचं म्हणणं, नकाशा शासनाच्या कागदांवर उभा आहे, तेव्हा तहसीलदारांचा दाखला आणा की खुर्दमध्ये वस्ती आहे. मग आम्ही बदल करू. प्रक्रिया आहे आत्या, माझ्या एकट्याच्या हातात नाही.

मला एक सुचतं. शीतलवहिनींना ऑगस्ट उजाडताच हिंगोलीला तुमच्याकडे आणून ठेवा. म्हणजे या वर्षीची काळजी मिटेल. उपकेंद्राचं पुढे बघता येईल.

आपला
प्रज्ञेश

&nbsp;

हिंगोली
दि. २ ऑगस्ट २००८

चि. प्रज्ञेश,

तहसीलला जाऊन आले. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, वस्ती असल्याचा दाखला कशाच्या आधारावर देऊ? इंटरनेटवर तर वस्ती नाही दिसते." म्हणजे तू कागदाकडे बोट दाखवतोस आणि कागद तुझ्याकडे बोट दाखवतो. मध्ये ओढा आहे तसाच.

तुझं सुचवणं घेऊन मी परवा पल्याड गेले. सटवाजीने हात धरून ओढा ओलांडून दिला, पाणी घोट्याइतकंच होतं. करुणा शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, शीतलला माझ्याकडे पाठव.

"काहून?"

"पाणी वाढलं तर?"

"ताई, वरच्या आळीतली जिवनबाईची लेक पोटुशी हाय, तिकडं बनाबाईची सून हाय. समद्यांला घेऊन जाती का तुह्या घरी? दोन खोल्यांत?"

तिने पुढची शेंग फोडली. मग ती म्हणाली, "तुहं बराबर हाय. पण त्या साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं न्हाई का, तिथं कुणी राहत न्हाई म्हणून? आता आमीच उठून गेलो तर त्याचं खरं होतंय. माही सून हितं बाळंत व्हईल."

शीतल चुलीपाशी होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती हसली. "मावशी, मला वाटून काय करू? थोरल्या पोराची शाळा हाय अल्याड. त्याला रोज वढ्यातून कोण नेईल?" एवढंच. मी एकटीच परत आले. मला तिला ओढून आणता आलं असतं का? रोज सकाळी स्वतःला हेच विचारते.

आता प्रमोद पाटील. तुझ्या संस्थेत मी फोन केला. फोनवरच्या मुलीला शुद्ध इंग्रजीत विचारलं की मिस्टर प्रमोद पाटील यांचा बंगळूरचा पत्ता मिळेल का. बिचारी फार आदबीने वागली. सगळीकडे चौकशी करून आली आणि म्हणाली, "मॅम, या नावाचं इथे कधीच कुणी नव्हतं. आमच्याकडे प्रज्ञेश पाईकराव आहेत, त्यांना जोडून देऊ का?"

मी म्हटलं, नको, त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार चालू आहे.

शब्द चुकीचा वाचलास, त्याला मी चूक म्हणते. मुलं चुका करतात, मी लाल शाईने खुणा करत आले आहे. पण एक माणूस बनवलास, त्याला नोकरी दिलीस आणि बंगळूरला पाठवून दिलंस. नसलेला माणूस तुला लगेच सापडला. असलेलं गाव सापडत नाही.

संस्थेच्या कागदावर चार ओळी लिही आणि पाठव. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा.

पद्माआत्या

&nbsp;

पुणे
दि. ११ ऑगस्ट २००८

ती. आत्या,

तुमचं पत्र कार्यालयात आलं, मी जिन्यात उभा राहून वाचलं.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. जास्त लिहीत नाही.

माझी नोकरी कराराची आहे. सप्टेंबरअखेर नूतनीकरण आहे. या खोलीत आम्ही सोळा जण आहोत, त्यात आपल्याकडचा मी एकटा. मराठवाड्यातून आलेला, मराठी शाळेतला. मी एका बैठकीत 'च' चुकीचा म्हटला तर तो आठवडाभर जेवणाच्या डब्यांवरून फिरतो. आणि आता मी लिहून देऊ, की ज्या जिल्ह्यातून मी आलो, त्या जिल्ह्याचा एक शब्द मला वाचता आला नाही? आणि त्या एका शब्दापायी आणखी किती गावं पांढरी झाली, ते मी मोजायला सुरुवात केली आहे. मोजताना भीती वाटते.

नूतनीकरण झालं की लगेच दुरुस्ती करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पक्की यादी पंधराला आहे ना? वेळ आहे आत्या. फक्त दोन महिने. तेवढे द्या.

प्रज्ञेश

&nbsp;

पुणे
दि. १ सप्टेंबर २००८

ती. आत्या,

तुमचं पत्र नाही. घरचा फोन उचलला जात नाही. गोपीचंददादाचा मोबाइल बंद आहे. पेपरात तिकडच्या पावसाची बातमी वाचली. शीतलवहिनी कशा आहेत? दोन ओळी तरी कळवा. नाही तर शिवप्रसादकडून मेल करायला सांगा. पत्ता मागे लिहिला आहे.

प्रज्ञेश

&nbsp;

हिंगोली
दि. १२ सप्टेंबर २००८

चि. प्रज्ञेश,

मेल करायला सांगितलं नाही. हे शिवप्रसादच्या दुकानात बसून लिहायचं नव्हतं.

मी इतके दिवस नांदेडला होते, दवाखान्यात. शीतल जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

एकोणीस ऑगस्टला सकाळपासून पाऊस होता. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. गोपीचंद आणि सटवाजीने तिला बाजेवर घातलं, आणखी दोघांनी खांदा दिला, आणि ओढ्यावर आले. पाणी छातीच्या वर होतं. अल्याड बुद्रुकचा दवाखाना दिसत होता. नर्सबाई बाहेर येऊन ओरडून विचारत होती, किती वेळ झाला, अंगावरून पाणी गेलं का. ती ओरडत होती आणि पाण्याच्या आवाजात पल्याड अर्धंच पोचत होतं. बिचारी कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि लोकांनी तिला मागे ओढलं. तिचा काही दोष नाही.

सटवाजीच्या मेंढरांचा वाडा काठालाच आहे. तिथे मेंढरं बाहेर काढून शीतलला आत नेलं. बनाबाईने बाळंतपण केलं. मुलगी झाली. मुलगी रडली, शीतल मात्र गप्प होत गेली. रक्त थांबेना. करुणा लुगड्याच्या घड्या करून दाबत राहिली. मला करुणाने एवढंच सांगितलं, "ताई, मी दाबत व्हते आन् पाण्याकडं बघत व्हते. पाणी काही माह्याकडं बघंना."

दिवस मावळताना पाणी उतरलं. मग बाज खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, जीप मिळाली, डोंगरकड्यातून नांदेडला पाठवलं. रक्ताच्या बाटल्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. पुढे तिला मूल होणार नाही. आता ती घरी आहे. भिंत धरून चालते.

तू मागितलेले दोन महिने शीतलने भरले आहेत. हिशोब संपला. मी त्यावर आणखी काही लिहिणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल मुलीच्या जन्माची नोंद करायला आम्ही बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक उकंडराव माणूस वाईट नाही. त्याने बापाचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. जन्माचं ठिकाण आलं.

"बुद्रुक लिहितो," तो म्हणाला.

करुणा म्हणाली, "काहून? पोरगी बुद्रुकला झाली न्हाई."

"खुर्द बेचिराख आहे बाई. तिथं वस्ती नाही दाखवत. तिथं जन्म लिहिला तर वरून विचारतील, ओसाड गावात पोरगी झालीच कशी?"

"ते मला इचारा. मी सांगते कशी झाली."

"आजी, काय फरक पडतो? अल्याड काय, पल्याड काय."

प्रज्ञेश, माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी वाढलेला ऐकला नाही. त्या दिवशी सभागृहातही ती चढ्या आवाजात बोलली नव्हती. काल तिने टेबलावर हात आपटला. "पोरगी अल्याड झाली असती तर माही सून आज भिंत धरून चालली नसती. ती पल्याड झाली. ते लिव्हा. न्हाई लिव्हायचं तर कोरं ठेवा, पण खोटं लिव्हू नगा."

उकंडरावाने बराच वेळ पेन फिरवलं. बाकड्यावरचा कुणीतरी समजुतीने म्हणाला, "असं करा, पोरीचं नाव ज्योती ठेवा. बेचिराख गावाला ज्योत, छान दिसेल." करुणा म्हणाली, "नाव आमी ठेवू. तुमी जागा लिव्हा."

शेवटी त्याने लिहिलं. जन्माचं ठिकाण : धामणदरा खुर्द. खाली सही केली आणि मला हळूच म्हणाला, "मॅडम, वरून परत आलं तर मी काय दाखवू?"

मी म्हटलं, "त्याचं उत्तर पुण्याहून येईल."

तेव्हा ऐक. तुझ्या संचालकांचं नाव आणि पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना लिहायला मला एक दुपार पुरेल, आणि इंग्रजी माझं त्यांच्यापेक्षा वाईट नसावं. अजून लिहिलेलं नाही. तुला सोडायचं म्हणून नव्हे. मी लिहिलं तर ती एका म्हाताऱ्या मास्तरणीची तक्रार होईल, आणि पुन्हा कुणीतरी म्हणेल तहसीलचा दाखला आणा. तू लिहिलंस तर ती नकाशा करणाऱ्याची कबुली असेल. साहेबाने तीच मागितली आहे. ती तुझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. त्या खोलीत तुला हसतील. हसू दे. सभागृह करुणालाही हसलं होतं.

आणि खोलीत बसून लिहू नकोस. इथे ये. पल्याड जा. कुणाच्या खांद्यावर बसून नाही, स्वतःच्या पायांनी. दिवा लागायच्या वेळेला ओढ्याच्या अलीकडे उभा राहा आणि पलीकडे बघ. मग मला सांग, बे-चिराग कोण आहे.

मला तुझ्याकडून पाहिजे ते असं : संस्थेच्या कागदावर, तुझ्या पूर्ण नावाने, प्र. पा. नव्हे, प्रज्ञेश पाईकराव, अशा सहीने लिहून दे की 'बेचिराख' या शब्दाचा अर्थ तू चुकीचा घेतलास, धामणदरा खुर्द इथे वस्ती आहे आणि नकाशातला पांढरा रंग खोटा आहे. तू मोजायला घेतलेली बाकीची पांढरी गावंही त्याला जोड. एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीला, एक उकंडरावाला, एक मला.

लोकसंख्येच्या जागी किती लिहायचं हा प्रश्न पडला, तर आत्ता एक लिही. मुलगी, जन्म १९ ऑगस्ट २००८, नोंद झालेली. बाकीची माणसं तू येऊन मोज.

हे उत्तर मला मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर २००८, संध्याकाळी पाच वाजायच्या आत मिळालं पाहिजे. लेखी.

पद्मा पाईकराव